केंडोच्या सामन्यात सासरा बाद

आमच्या घरात काठीनं डोक्यात मारायची परवानगी फक्त सुनेला आहे.

तीही रीतसर. आधी वाकून नमस्कार, मग काठी, मग पुन्हा नमस्कार. याला केंडो म्हणतात. जपानी तलवारबाजीचा खेळ, पण तलवार बांबूची. तोंडावर लोखंडी जाळीचा मुखवटा, हाताला जाडजूड मोजे, छातीला चिलखत आणि मारताना कुठं मारतोय ते ओरडून सांगायचं. डोक्यावर मारताना ‘मेन!’, मनगटावर मारताना ‘कोते!’ (सांगून मारायचं! आमच्या भावकीनं एवढं सौजन्य कधी दाखवलेलं नाही.)

सून म्हणजे मृणाल. माहेर पुण्याचं. लग्नाआधी तिथं एका जपानी कंपनीत दुभाषी होती, तेव्हा हा खेळ शिकली. आता आमच्याकडे साजगावच्या एका कारखान्यात तेच काम करते. माझा मुलगा निखिल बोटीवर नोकरीला. वर्षातले सहा-सात महिने समुद्रात. म्हणजे घरात आम्ही तिघंच: मी, माझी बायको सुनंदा आणि मृणाल.

लग्नानंतर पंधरा दिवसांत तिनं अंगणातल्या जांभळीला एक जुना टायर टांगला आणि रोज सकाळी त्याला झोडपायला सुरुवात केली. शेजारच्या यशोदाकाकूनं कुंपणावरून मान काढली.

“गजा, सुनंचं नि तुमचं कायतरी बिनसलंय का रं?”

“नाय गं काकू, सराव करते ती.”

“कसला सराव?”

“तलवारीचा.”

काकूनं जरा विचार केला. “मंग भात झोडायला का नाय पाठवत तिला? आमचं दोन दिसांचं काम हुईल!”

आता माझ्याविषयी. मी गजानन. पंचक्रोशीत गजाभाऊ. उभी नोकरी कारखान्यात मोठ्या यंत्राशेजारी काढली, त्यामुळे मी हळू बोलतो तेव्हाही समोरच्या आळीतली माणसं ‘काय झालं?’ म्हणून बाहेर येतात. आणि या आवाजाचं चीज केलं ते कबड्डीनं. कर्जत-खालापूर पट्ट्यात जिथं म्हणून कबड्डीचं मैदान आखलं गेलं, तिथं माईकवर मी. “चढाईला निघालाय रसिकहो, बघा बघा, वाघ निघालाय!” असं मी म्हटलं की शेळपट पोरगाही दोन गडी बाद करून यायचा. (निदान तो तसं म्हणायचा. मी पाजलेला चहा संपेपर्यंत तरी.)

आणि मृणालचा आवाज? दोन वर्षांत तो स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून ओटीवर आलेला मला आठवत नाही. ती बोलायची गोड, पण इतकं हळू की कुकरची शिट्टी झाली की अर्धं वाक्य गेलं. मी कौतुकानं सगळीकडे सांगायचो, “आमची सून म्हणजे शब्द खाली पडू देत नाय!” खरी गोष्ट अशी होती की मी तिला शब्द उचलूच देत नव्हतो. पण हे मला कळायला जपानहून बाई यावी लागली.

त्या बाई म्हणजे मोरिता सेन्सेई. सेन्सेई म्हणजे गुरुजी. पासष्टीच्या, चणीनं एवढ्याशा आणि खेळात फार मोठा अधिकार. मी त्यांना पहिल्यापासून सेन्सेईबाई म्हणायला लागलो. मृणालला कर्जतला बायकांचा केंडो वर्ग काढायचा होता. आदल्या वर्षी बंगळुरूच्या शिबिरात तिनं सेन्सेईबाईंची परवानगी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “तुझा हात चांगला आहे, पाय चांगले आहेत, आवाज कुठे आहे?” केंडोत नुसता फटका बसून गुण मिळत नाही. फटक्याबरोबर पोटातून आवाज यावा लागतो. “जिचा स्वतःचा आवाज निघत नाही, तिनं दुसऱ्यांना शिकवू नये. आवाज घेऊन ये, मग वर्ग काढ.”

आणि या वर्षी सेन्सेईबाई स्वतः येणार होत्या. मृणालनं खटपट करून कार्यक्रम कर्जतला आणला. शनिवारी शिबिर, रविवारी स्पर्धा. सोळा जणी: बंगळुरूच्या, मुंबईच्या, मणिपूरच्या, दोघी नेपाळच्या, एक श्रीलंकेची आणि दोघी थेट जपानच्या. वर्गासाठी इच्छुक अकरा बायकांची नावं मृणालनं वहीत लिहून ठेवली होती. कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाच्या ठाकूरवाडीतल्या दोन मुली तर दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी येऊन विचारायच्या, “ताई, कदी चालू व्हनार?” ती नुसती हसायची. सगळं त्या दोन दिवसांवर होतं.

एक दिवस ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “बाबा, मला तुमची मदत हवी आहे.”

माझी छाती फुगली. “बोल! कॉमेंट्री मराठीतून करू का हिंदीतून?”

“नाही बाबा. मदत म्हणजे... तुम्ही बोलायचं नाही.”

“कधी?”

“दोन दिवस.”

आत सुनंदाच्या हातातून पातेलं पडलं. (ती म्हणते हसताना सुटलं. मला ते काळजीचं वाटलं होतं.)

मृणालनं समजावून सांगितलं. केंडोत प्रेक्षकांनी ओरडायचं नसतं. फार तर टाळ्या. शिट्ट्या नाहीत, हलगी नाही, फटाके नाहीत. खेळाडूनंसुद्धा गुण मिळाल्यावर नाचायचं नसतं, हात वर करून आनंद दाखवला तर मिळालेला गुण काढून घेतात! मी म्हटलं, “मंग जिंकायचं कशाला?” पण शब्द दिला. फक्त जेवणाची घोषणा करायला माईक मिळावा, एवढं एक मी घासाघीस करून पदरात पाडून घेतलं.

बोलायचं नाही असं ठरलं होतं. बॅनर लावायचा नाही असं काही ठरलं नव्हतं.

कार्यक्रम खालापूरच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात होता. केंडोला लाकडी जमीन लागते, म्हणून मांडववाल्याकडून स्टेजच्या फळ्या आणून सगळ्या हॉलभर पसरल्या होत्या. दारावर मी वीस फुटी बॅनर चढवला. ‘भव्य महिला केंडो स्पर्धा, विदेशी पाहुण्यांचे सहर्ष स्वागत.’ खाली आमच्या कबड्डी मंडळाच्या बावीस शुभेच्छुकांचे फोटो, हार घातलेले, गंध लावलेले. मधोमध सगळ्यात मोठा मी, हात जोडून.

शनिवारी सकाळी सेन्सेईबाई गाडीतून उतरल्या. बॅनरसमोर थांबल्या. चेहरा गंभीर झाला. मग त्यांनी पायातले बूट काढले आणि कमरेतून खाली वाकून, डोळे मिटून, बॅनरला बराच वेळ नमस्कार केला. मागच्या सोळाही जणी वाकल्या. मला भरून आलं. फोटोसाठी आजवर एवढा मान कुणी दिला नव्हता. सेन्सेईबाई मृणालला हळूच काहीतरी बोलल्या आणि मृणाल लालबुंद झाली.

“काय म्हणाल्या गं?”

“काही नाही बाबा.”

“सांग की!”

“त्या विचारतायत... हे सगळे एकाच अपघातात गेले का?”

मी पुढं होऊन बॅनरच्या खाली उभा राहिलो आणि हात जोडून दाखवले, तेव्हा कुठं बाईंच्या लक्षात आलं. पण त्यातून सावरायला त्यांना दोन कप चहा लागला.

आत गेल्यावर दुसरं संकट तयारच होतं. आता तुम्हीच सांगा, मैदान आखलं, पाहुणे आले आणि नारळ वाढवला नाही, असं कुठं होतं का? कबड्डीच्या मैदानाला पहिला नारळ माझ्या हातचा, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. बोलायचंही नव्हतं त्यात काही. मी मैदानाच्या कडेला उकिडवा बसलो, मोरयाचं नाव मनातल्या मनात घेतलं (शब्द म्हणजे शब्द!) आणि नारळ आपटला. तो सुका निघाला नाही, हेच वाईट झालं. चांगला पाणीदार नारळ होता. पाणी उडालं ते थेट मैदानाच्या मध्यापर्यंत गेलं. गुळगुळीत फळ्या, अनवाणी पाय आणि त्यावर नारळाचं पाणी! पहिलीच नेपाळची मुलगी आत आली, ती नमस्कार करायच्या आधीच सरकत पलीकडच्या भिंतीला जाऊन पोचली.

सेन्सेईबाईंनी फडकं मागितलं आणि स्वतः गुडघ्यावर बसून जमीन पुसायला लागल्या. लगेच सोळा मुलींनी सोळा फडकी घेतली, रांगेत ओणव्या झाल्या आणि फडकं दोन्ही हातांनी दाबून, पळत पळत जमीन पुसू लागल्या. केंडोत अशीच पुसतात म्हणे. पण हे सुनंदाला कोण सांगणार? ती चहाचा ट्रे घेऊन आत आली आणि बघते तर काय, सातासमुद्रापलीकडून आलेल्या पाहुण्या तिच्या डोळ्यांदेखत फरशी पुसतायत!

“अगं बाई, बाई, बाई! अवो, तुमी बघत काय उभे? पावण्यांना कामाला लावलंत? ठेवा गं पोरींनो ती फडकी!”

तिनं ट्रे माझ्या हातात कोंबला, पदर खोचला आणि एका जपानी मुलीच्या हातातलं फडकं हिसकावून तीही ओणवी झाली. त्या पोरींना वाटलं, शर्यत लागली! झालं. सोळा खेळाडू एकीकडे आणि सुनंदा एकीकडे. पण जन्मभर चिखलात ओणवं राहून भात लावलेली बाई ती. तिनं दोन फेऱ्या मारल्या तेव्हा बाकीच्या पहिल्या फेरीत होत्या. सेन्सेईबाईंनी उठून टाळ्या वाजवल्या आणि मृणालला विचारलं, “या कितव्या श्रेणीच्या खेळाडू आहेत?”

मी कोपऱ्यात ट्रे धरून उभा होतो. मला कुणी काहीच विचारलं नाही.

दुपारी आवाजाचा सराव निघाला. एकेकीनं पुढं यायचं, तलवार उगारायची आणि ओरडायचं. मणिपूरची मुलगी ओरडली तेव्हा आचारी पळीसकट आत आला. श्रीलंकेची ओरडली तेव्हा माझी मान आपोआप डोलली. आवाजातलं मला कळतं. मग मृणालची पाळी आली. तिनं श्वास घेतला, तलवार उगारली, आणि तिची नजर माझ्याकडे गेली.

मी तिला धीर यावा म्हणून समोरच बसलो होतो. म्हणजे नवरा-नवरीच्या त्या लाल मखमली सिंहासनांपैकी नवऱ्याच्या सिंहासनावर. (नवरीचं सेन्सेईबाईंसाठी ठेवलं होतं, पण त्या जमिनीवरच बसल्या.) मी मान हलवली, ‘हूं, होऊन जाऊ दे’ अशी. मृणालच्या तोंडून आवाज निघाला तो मांजरीच्या पिल्लाएवढा.

“पुन्हा,” सेन्सेईबाई म्हणाल्या.

पुन्हा पिल्लूच.

सेन्सेईबाईंनी तिच्या नजरेच्या रोखानं मागं वळून माझ्याकडे बघितलं. एवढंसं ‘हं’ म्हणाल्या. मला त्या ‘हं’चा अर्थ समजला नाही. सुनंदाला समजला. पाहुण्या चहाला गेल्यावर ती माझ्या सिंहासनापाशी आली.

“घरातला सगळा आवाज तुमी एकटेच वापरून टाकता. तिच्या वाटणीला काय ऱ्हाणार?”

“मी तिला कधी काय बोललोय का? लेकीसारखी ठेवलीय!”

“ठेवलीय ओ. पण ती बोलायला तोंड उघडते, तवर तुमचं चालू असतं. बिचारी मिटून घेते. मी बघते ना दोन वर्सं.”

मला आत कुठंतरी लागलं. खरंच सांगतो. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात लक्षात आलं की हे तेच चाललंय. मिटलं.

रविवारी मी निर्धार केला. आज जेवणाची घोषणा सोडून एक शब्द काढायचा नाही. सुनंदानं खात्री म्हणून लिंबाएवढा खडीसाखरेचा खडा माझ्या तोंडात कोंबला. “ह्यो विरघळस्तवर तरी गप ऱ्हा!”

माईक मात्र माझ्याजवळ होता, घोषणेसाठी. आणि कोपऱ्यात दिन्या साऊंडवाला बसला होता. दिन्या आणि मी जुनी जोडी. कबड्डीत माझी आणि त्याची एक खूण असते. मी काहीतरी त्याच्याकडे भिरकावलं, शेंगदाणा म्हणा, खडा म्हणा, की त्यानं तुतारीचं बटण दाबायचं. माईकवर बोलता बोलता हाक कशी मारणार? म्हणून ही सोय. हे मी इथं सांगून ठेवतो, कारण पुढं ते लागणार आहे.

सकाळभर मी असा शहाण्यासारखा बसलो की मंडळाची दोन पोरं तब्येत विचारून गेली. मृणाल एकेक सामना जिंकत होती, पण कसं? समोरचीच्या चुकीनं, नाहीतर वेळ संपता संपता. तिचे चांगले फटके फुकट जात होते. डोक्यावर खण्‌कन तलवार बसायची, पण ‘मेन’ म्हणताना आवाज असा दबका की तिन्ही पंचांचे हात खालीच. तीन पंच, प्रत्येकाकडे एक लाल आणि एक पांढरं निशाण. ज्याचा गुण, त्याच्या रंगाचं निशाण वर. मृणाल लाल होती. लाल निशाणं वर जायला तयार नव्हती. सेन्सेईबाई कडेला गुडघ्यावर बसून सगळं बघत होत्या.

ती अंतिम सामन्यात पोचली हेच नवल. समोर बंगळुरूची धिप्पाड मुलगी. दोन गुण आधी मिळवेल ती जिंकणार. पहिल्याच मिनिटाला बंगळुरूनं मनगटावर गुण घेतला. पांढरी निशाणं वर. ठाकूरवाडीच्या दोघी मुली पहिल्या रांगेत नखं खात होत्या. सुनंदानं पदराचं टोक दातात धरलं होतं. मी खडीसाखर चघळत होतो.

आणि मग मृणालनं तो फटका मारला. काय सांगू! समोरचीची तलवार बाजूला सरकवली, एक पाऊल आपटलं आणि सरळ कपाळाच्या मध्यावर! आवाज नेहमीपेक्षा बरा निघाला होता. एक लाल निशाण वर गेलं. मग दुसरं. गुण मिळाला! बरोबरी!

मी काय केलं ते मला आठवत नाही. जे आठवतं ते लोकांनी सांगितलेलं. मी सिंहासनावर उभा राहिलो. तोंडातून जो “शाब्बास!” निघाला, त्याच्याबरोबर खडीसाखरही निघाली. ती हवेतून सणसणत जाऊन दिन्याच्या कपाळावर बसली. दिन्या बिचारा इमानी. त्यानं बटण दाबलं. चारही स्पीकरांतून तुतारी! आणि माझ्या हातात माईक!

“काय फटका मारलाय रसिकहोऽऽ! खालापूरच्या मातीत विजेसारखी चमकली ही आमच्या घरची सूनऽऽ! टाळ्या झाल्याच पाहिजेतऽऽ!”

मृणाल दचकून माझ्याकडे वळली आणि तिनं मला थांबवायला हात वर केला. नुसता पंजा. ‘थांबा बाबा,’ एवढंच.

पण पंचांना दिसलं काय? गुण मिळाला, तुतारी वाजली आणि खेळाडूनं घरच्यांकडे वळून हात उंचावला! तिन्ही पंच मैदानाच्या मध्यावर जमले. कुजबुजले. परत जागेवर गेले. आणि निशाणं पोटासमोर आडवी हलवली. गुण रद्द.

तुतारी अजून चालूच होती. (ती मध्येच बंद होत नाही, दिन्याकडे तशी सोय नाही.)

आता इथं तरी मी बसायला हवं होतं. पण अंगात कबड्डी! कबड्डीत पंचानं असा निर्णय दिला तर मैदानात उतरून भांडणं हे कर्तव्य असतं. मी माईक घेऊन, चपला घालून, थेट त्या पुसलेल्या फळ्यांवर उतरलो.

“ओ पंचसायब! हा अन्याव हाय! पोरीचा काय बी गुन्हा नाय! हात तिनं माज्यासाठी वर केलाता! लिवून घ्या, आमची हरकत हाय! आमी वरपर्यंत जाऊ! आमी...”

“बाबा! गप्प बसाऽऽ!”

हॉलच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. बाहेर आचाऱ्याच्या हातातला झारा पडल्याचा आवाज आला. दिन्यानं घाबरून स्पीकरची वायरच उपटली. मी इकडं तिकडं बघायला लागलो, की हे ओरडलं कोण? कारण असा आवाज मी उभ्या आयुष्यात दोनच माणसांच्या गळ्यातून ऐकला होता. एक मी, आणि एक आमच्या कारखान्याचा भोंगा.

मुखवट्याच्या जाळीमागून मृणालचे डोळे माझ्यावर रोखलेले होते.

मी बसलो. म्हणजे जिथं उभा होतो तिथंच, मैदानाच्या मधोमध, गुडघे मोडून. आणि एकदा मोडल्यावर ते सरळ होईनात! दोन पंचांनी मला काखेत हात घालून उचललं आणि तसाच, बसल्या आकारात, कडेला नेऊन सुनंदाशेजारी ठेवला. मागून एकीनं माझ्या चपला आणून दिल्या. सेन्सेईबाईंना वाटलं मी गुडघ्यावर बसून माफी मागितली. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मीही वाकलो. त्याशिवाय दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

सुनंदा माझ्याकडे बघत नव्हती. ती मृणालकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. “छत्तीस वर्सं मला जमलं नाय,” ती पुटपुटली.

पंच ओरडला, सामना पुढं सुरू झाला. बंगळुरूची अजून बिचकलेली होती (माझ्यामुळे की मृणालमुळे, कोण जाणे). मृणालनं एक श्वास घेतला. झेपावली.

“मेऽऽऽन!”

तोच आवाज! ‘गप्प बसा’वाला! मला इतक्या लांब बसून कपाळावर लागल्यासारखं झालं. तिन्ही लाल निशाणं एकदम वर. ठाकूरवाडीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि पटकन माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात तोंडावर दाबून बसलो होतो. हाताला ओलं लागलं तेव्हा कळलं की रडतोय.

मृणालनं या वेळी कुणाकडे वळून बघितलं नाही. तलवार तशीच पुढं धरून ती जागेवर गेली.

नंतर जादा वेळ झाला आणि त्यात ती हरली. बंगळुरूनं मनगट गाठलं. तो पहिला गुण रद्द झाला नसता तर दोन गुण होऊन ती तिथल्या तिथं जिंकली असती, हा हिशेब मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी त्या दिवशी जेवताना सात जणांनी सांगितला.

जेवणाची घोषणा मी केली नाही. लोक आपसूक जेवले.

पंगत उठल्यावर सेन्सेईबाई मृणालला घेऊन आमच्याकडे आल्या. त्या गंभीर होत्या. त्यांनी काहीतरी विचारलं आणि मृणाल खाली मान घालून उभी राहिली. दोन वर्षांत माझ्यापुढं उभी राहायची तशीच.

“काय म्हणतायत गं?” सुनंदानं विचारलं.

“मी मध्ये जे ओरडले... त्याचा अर्थ विचारतायत.”

“मंग सांग की!” मी म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर तोंडावर हात ठेवला.

मृणालनं सांगितलं. सेन्सेईबाईंनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि मग त्या एवढ्याशा बाई अशा हसल्या की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. हसू आवरल्यावर त्या बराच वेळ बोलल्या. मृणालचे डोळे मोठे होत गेले. मग तिनं आमच्यासमोरच, पुणेरी रीतभात वगैरे सगळं विसरून, सुनंदाला मिठी मारली.

“आई, वर्ग काढ म्हणाल्या! आवाज मिळाला म्हणाल्या!”

“आणि एवढा वेळ काय बोलत होत्या?” मी हळूच विचारलं. खरंच हळू. माझं मलाच नवल वाटलं.

“एक अट आहे, बाबा.” ती हसू दाबत होती. “म्हणाल्या, नव्या मुलींना ओरडायची लाज वाटते. तुझ्या सासऱ्यांना वर्गात समोर बसव.”

अशा रीतीनं माझी केंडोत नेमणूक झाली. आता दर रविवारी सकाळी त्याच मंगल कार्यालयात वर्ग भरतो. कर्जत, खालापूर, साजगाव, ठाकूरवाडी मिळून चौदा बायका-मुली आहेत. मी नवऱ्याच्या सिंहासनावर बसतो. जिचा आवाज निघत नाही, तिला माझ्यासमोर उभं करतात आणि मी कॉमेंट्री सुरू करतो. अगदी मनापासून, माईकशिवाय. तिनं ओरडून मला बंद पाडायचं. शब्द ठरलेले आहेत, मृणालनं पहिल्या दिवशी फळ्यावरच लिहून दिले: ‘बाबा, गप्प बसा!’ नवीन मुलगी पहिल्या रविवारी पुटपुटते, दुसऱ्या रविवारी बोलते आणि चौथ्या रविवारी मी दचकून सिंहासनाचे हात पकडतो. ठाकूरवाडीच्या धाकटीनं तर परवा मला पहिल्याच शब्दाला बाद केलं. रसिकहो, अशी चढाई मी कबड्डीतही पाहिली नाही.

सेन्सेईबाई पुन्हा येणार आहेत. परवा मृणालनं त्यांना वर्गातल्या आवाजांचं रेकॉर्डिंग पाठवलं. त्यांचं उत्तर आलं: सगळ्या मुलींची प्रगती चांगली आहे, पण शेवटच्या रांगेतला एक आवाज फारच वरच्या दर्जाचा आहे, ही विद्यार्थिनी कोण?

सुनंदा. वर्गात तिचं नाव नाही. ती फक्त चहा द्यायला येते.